परदेशी आहारपद्धती सोलापूरच्या ताटात कशी आणावी?

वाचकाचे पत्र

“माझे यजमान ५८ वर्षांचे आहेत. नवी पेठेत त्यांचे कापडाचे दुकान आहे आणि दिवसाचे दहा-अकरा तास ते बसूनच असतात. मागच्या महिन्याच्या तपासणीत एचबीए१सी (तीन महिन्यांची सरासरी साखर) ६.२, एलडीएल (वाईट कोलेस्टेरॉल) १४८ आणि ट्रायग्लिसराइड (रक्तातील चरबी) २१० आले. रक्तदाबाची गोळी चालू आहे, साखरेची अजून नाही. आमची मुलगी बंगळुरूला नोकरी करते. तिने बरेच वाचून ‘मेडिटेरेनियन डाएट’ सुरू करायला सांगितले आणि ऑलिव्ह तेल, किन्वा, ओट्स, पास्ता असे सामान पाठवले. भाकरी, भात बंद करायला सांगितले. आम्ही शाकाहारी आहोत. यजमान चार दिवस हे खातात आणि पाचव्या दिवशी दुकानातून परतताना भजी खाऊन येतात. ८१ वर्षांच्या सासूबाई म्हणतात, आपले जेवण सोडून लोकांचे जेवण कशाला? महिन्याचा किराणा तर दुपटीच्या जवळ गेला आहे. हा आहार आपल्याला मानवेल का, की आपलेच जुने जेवण बरे?”
— एक वाचक, जुळे सोलापूर

उत्तर

प्रिय ताई,

आधी सरळ उत्तर देते. भूमध्य समुद्राच्या काठच्या लोकांच्या पारंपरिक आहाराचा फायदा खरा आहे आणि तो जुळे सोलापुरात राहूनही मिळवता येतो. त्यासाठी किन्वा, पास्ता किंवा महागडे तेल लागत नाही, तेव्हा भाकरी उद्यापासूनच ताटात परत आणा. मात्र ‘आपले जेवण मुळातच चांगले’ एवढ्यावर थांबता येणार नाही, कारण आज बहुतेक घरांत जे शिजते ते तुमच्या सासूबाईंच्या तरुणपणीचे जेवण राहिलेले नाही. त्यात डाळ आणि भाजी कमी झाली आहे, तर तेल, मीठ, भात, साखर आणि संध्याकाळचे तळण वाढले आहे. हे मी कशाच्या आधारावर म्हणते ते थोडे सविस्तर सांगते, कारण एखादा पदार्थ का खायचा हे पटले नाही तर घरातली माणसे तो चार दिवसांपलीकडे खात नाहीत, आणि तुमच्या घरी नेमके तेच घडते आहे.

या आहाराकडे जगाचे लक्ष गेले ते अमेरिकी शास्त्रज्ञ अँसेल कीज यांनी १९५८ मध्ये सुरू केलेल्या सात देशांच्या अभ्यासामुळे. अमेरिका, फिनलंड, नेदरलँड्स, इटली, युगोस्लाव्हिया, ग्रीस आणि जपान येथील मध्यमवयीन पुरुषांच्या आहाराची आणि हृदयविकाराची अनेक वर्षे नोंद ठेवण्यात आली, आणि ग्रीसच्या क्रीट बेटावरील पुरुषांमध्ये हृदयविकाराचे प्रमाण विलक्षण कमी आढळले. त्यांच्या ताटात जाडे धान्य, कडधान्ये, रानातल्या पालेभाज्या, फळे, भरपूर ऑलिव्ह तेल, थोडे चीज आणि दही, कधीमधी मासे असत. मांस फार थोडे असे. असे निरीक्षण म्हणजे पुरावा नव्हे, ही शंका रास्त आहे. म्हणून पुढे स्पेनमध्ये सुमारे ७,४०० जणांवर जवळपास पाच वर्षे प्रयोग झाला. त्यांना हृदयविकार झालेला नव्हता, पण तो होण्याचा धोका मोठा होता. एका गटाला ऑलिव्ह तेलासह हा आहार, दुसऱ्याला रोज ३० ग्रॅम अक्रोड-बदामांसारख्या सुक्या मेव्यासह हाच आहार, आणि तिसऱ्याला फक्त चरबी कमी खाण्याचा सल्ला अशी ती विभागणी होती. पहिल्या दोन गटांत हृदयविकाराचा झटका, पक्षाघात आणि त्यांमुळे होणारे मृत्यू मिळून सुमारे ३० टक्क्यांनी कमी झाले. २०१३ मध्ये छापून आलेला हा निबंध गटांच्या विभागणीतील त्रुटींमुळे २०१८ मध्ये मागे घेण्यात आला, आणि फेरविश्लेषणानंतर जवळपास त्याच निष्कर्षासह पुन्हा प्रसिद्ध झाला. तुमच्या मुलीने यातला एक भाग वाचला असेल तर उरलेला भागही तिला जरूर सांगा. आहाराच्या विषयात एवढी पारदर्शकता दुर्मीळ असते आणि त्यामुळे त्या निष्कर्षावरचा माझा विश्वास वाढलाच आहे.

तुमच्या प्रश्नाच्या दृष्टीने मला याहून मोलाचा वाटतो तो फ्रान्सच्या ल्यों शहरातला प्रयोग, जो १९८८ मध्ये सुरू झाला. हृदयविकाराचा एक झटका येऊन गेलेल्या ६०५ रुग्णांपैकी अर्ध्यांना क्रीटच्या धर्तीवरचा आहार द्यायचे ठरले. अडचण अशी होती की ल्योंचे लोक लोण्यावर वाढलेले. सगळा स्वयंपाक ऑलिव्ह तेलात करणे त्यांना रुचणारे नव्हते. मग संशोधकांनी लोण्याच्या जागी पावाला लावण्यासाठी मोहरीच्या कुळातील कॅनोलाच्या तेलापासून खास मार्गारीन बनवून घेतले आणि बाकीच्या सवयी फ्रेंचच ठेवून पाव, भाज्या, कडधान्ये आणि फळे वाढवली. त्या गटात पुन्हा झटका येण्याचे किंवा हृदयविकाराने दगावण्याचे प्रमाण निम्म्याहून अधिक घटले. अभ्यास लहान होता, तरी त्याने एक गोष्ट फार चांगली दाखवून दिली: क्रीटचा आहार फ्रान्समध्ये नेताना तेलाची बाटली बदलली तरी चालले, पण भाज्या, कडधान्ये, अखंड धान्य आणि लोण्याऐवजी वनस्पतिज स्निग्धांश हे नाते मात्र जसेच्या तसे न्यावे लागले.

उत्तर युरोपातल्या लोकांनीही हेच केले. २००४ मध्ये तिथल्या नामवंत आचाऱ्यांनी एकत्र येऊन स्थानिक धान्य आणि हंगामी भाजीपाल्यावर आधारलेल्या स्वयंपाकाचा जाहीरनामा काढला, आणि त्यानंतर राय, जव, कोबी, कंदमुळे, रानफळे, हेरिंग मासा आणि कॅनोलाचे तेल यांवर बेतलेल्या आहाराचे प्रयोग स्वीडन व डेन्मार्कमध्ये झाले. त्यांत कोलेस्टेरॉल, रक्तदाब आणि वजन यांवर चांगला परिणाम दिसला. ऑलिव्हचे झाड जिथे जगत नाही तिथल्या लोकांनी आपल्या मातीतले जिन्नस घेऊन तीच चौकट उभी केली. आपल्याकडे ते का होऊ नये?

दोन समाजांनी आपापली ताटे अदलाबदल केल्याचेही एक उदाहरण आहे. अमेरिकेतील पिट्सबर्गमधले २० कृष्णवर्णीय नागरिक आणि दक्षिण आफ्रिकेच्या खेड्यांतील २० जण यांनी दोन आठवडे एकमेकांच्या पद्धतीचे जेवण घेतले. मका, घेवडा आणि भाजीपाल्याच्या आफ्रिकी धाटणीच्या जेवणामुळे अमेरिकी मंडळींच्या पोटात रोज सुमारे ५५ ग्रॅम तंतू जाऊ लागले, आणि एवढ्या थोड्या काळातही त्यांच्या मोठ्या आतड्यातील कर्करोगाच्या धोक्याशी निगडित खुणा सुधारल्या. आफ्रिकी गटात त्याच खुणा बिघडल्या. हे २०१५ मध्ये प्रसिद्ध झाले. आणि स्वतःच्याच जुन्या आहाराकडे परतण्याचे उदाहरण हवे असेल तर १९८२ मध्ये ऑस्ट्रेलियात मधुमेह झालेले दहा मूलनिवासी सात आठवडे आपल्या पूर्वजांच्या रानात शिकार-कंदमुळांवर राहिले. त्यांचे वजन सरासरी आठ किलोंनी उतरले आणि उपाशीपोटीची साखर सुमारे २१० वरून १२० च्या आसपास आली. मात्र ते त्या काळात थोडेच खात होते आणि दिवसभर चालत होते, हे विसरून चालणार नाही.

त्यावरून पुढच्या मुद्द्याकडे येते, जो सासूबाईंना आणि मुलीला, दोघींनाही समजावून सांगावा लागेल. हे सगळे आहार कष्टाच्या आणि टंचाईच्या दिवसांतले आहेत. १९४८ मध्ये रॉकफेलर फाउंडेशनने क्रीटची पाहणी केली तेव्हा तिथल्या बहुतेक कुटुंबांना आपला आहार समाधानकारक वाटत नव्हता. त्यांना मांस अधिक हवे होते. हातात पैसा आल्यावर त्यांनी ते मिळवलेही. जपानच्या ओकिनावा बेटावर १९४९ च्या पाहणीनुसार निम्म्याहून अधिक ऊर्जा एकट्या रताळ्यातून येत असे, आणि ती पिढी दीर्घायुषी ठरली. पुढच्या पिढ्यांनी अमेरिकी तळांच्या प्रभावाखाली डबाबंद मांस आणि तळलेले पदार्थ स्वीकारले, आणि २००० च्या आकडेवारीत ओकिनावातील पुरुष आयुर्मानात जपानमधील प्रांतांत चौथ्यावरून सव्विसाव्या क्रमांकावर घसरले. केवळ त्या भूमीत जन्म घेतल्याने कोणी वाचले नाही. आपणही ज्वारीच्या मुलुखात राहतो एवढ्याने वाचणार नाही.

भारतात भूमध्यसागरी आहाराचा प्रयोग झाला नाही का, असे मुलगी विचारेल. असा एक निबंध २००२ मध्ये छापून आला होता आणि अजूनही त्याचा दाखला दिला जातो, पण त्यातील माहितीच्या विश्वासार्हतेबद्दल त्याच नियतकालिकाने २००५ मध्ये जाहीर चिंता व्यक्त केली, म्हणून मी त्यावर भार देत नाही.

आता तुमच्या स्वयंपाकघराकडे वळू. मंगळवेढ्याच्या काळ्या जमिनीत पिकणाऱ्या मालदांडी ज्वारीला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. तीच ज्वारी तुमच्या घरी येत असणार. शंभर ग्रॅम ज्वारीत सुमारे दहा ग्रॅम प्रथिने आणि दहा ग्रॅम तंतू असतात. पांढऱ्या तांदळात तंतू तीन ग्रॅमही नसतात. किन्वात प्रथिने थोडी अधिक आणि चांगल्या प्रतीची असतात हे खरे, परंतु भाकरीबरोबर वरण किंवा उसळ घेतली की ती उणीव भरून निघते, आणि किमतीचा फरक पाहता किन्वाचा आग्रह धरण्यात मला अर्थ दिसत नाही. तरीही एक गैरसमज इथेच दूर करते. ज्वारीने साखर वाढत नाही असे आपल्याकडे सर्रास बोलले जाते, ते बरोबर नाही. ज्वारीच्या पिठात दोन तृतीयांश भाग पिष्टाचाच असतो. दोन मध्यम भाकऱ्यांतून ८० ते ९० ग्रॅम पिष्टमय पदार्थ पोटात जातात. शेतात राबणाऱ्या माणसाला चार भाकऱ्या पचत, दुकानात बसणाऱ्याला त्या पचणार नाहीत. यजमानांना एका वेळी दीड, फार तर दोन भाकऱ्या द्या, आणि ज्या वेळी भाकरी असेल त्या वेळी भात नको. सासूबाईंना जेवणाच्या शेवटी दोन घास ताकभात हवा असेल तर त्यांना तो जरूर वाढा. पथ्य यजमानांचे आहे.

भाकरी कमी केली की भूक राहील, आणि ती भूकच त्यांना भज्यांच्या गाड्याकडे नेईल. म्हणून डाळी-कडधान्ये वाढवणे ही या बदलाची खरी किल्ली आहे. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२४ मध्ये दिलेल्या मार्गदर्शनानुसार २,००० कॅलरींच्या आहारात माणशी रोज ८५ ग्रॅम डाळी-कडधान्ये, ४०० ग्रॅम भाज्या, १०० ग्रॅम फळे, ३५ ग्रॅम दाणे व तेलबिया, ३०० मिलिलिटर दूध किंवा दही आणि सुमारे २७ ग्रॅम तेल असावे. धान्य २५० ग्रॅम पुरे. हे आकडे क्रीटच्या ताटाशी ताडून पाहा, म्हणजे मी ज्या नात्याबद्दल वर बोलले ते भारतीय जिन्नसांत कसे दिसते हे लक्षात येईल. एक दिवस स्वयंपाकापूर्वी डाळ आणि कडधान्य कोरडेच वजन करून पाहा. तीन माणसांसाठी ते २०० ते २५० ग्रॅम भरायला हवे. तुरीची एक मूठ घालून केलेली पातळ आमटी त्याच्या जवळपासही जात नाही. आमटी घट्ट करा, आणि दुसरी वाटी मटकी, हुलगा, चवळी किंवा हरभऱ्याची असू द्या. पिठले हेही कडधान्याचेच अन्न आहे, फक्त फोडणीचे तेल मोजून घाला. कडधान्ये एकदम वाढवली तर पोट फुगते, तेव्हा दोन-तीन आठवड्यांत हळूहळू प्रमाण वाढवा. भिजवून, मोड आणून, मऊ शिजवा.

आपल्या भागात वेळ अमावास्येला शेतात बसून जी भज्जी आणि आंबील खाल्ली जाते, ती मला या संदर्भात वारंवार आठवते. तुरीचे आणि हरभऱ्याचे ओले दाणे, वाटाणे, हिरवा पाला, थोडे डाळीचे पीठ, हे सगळे एका पातेल्यात शिजते आणि सोबत बाजरीचे उंडे नि ताकातली ज्वारीची आंबील असते. क्रीटच्या शेतकऱ्याला हे ताट परके वाटले नसते. वर्षातून एकदाच करण्याजोगे त्यात काही नाही. हिवाळ्यात आठवड्यातून एकदा करा, उन्हाळ्यात ओल्या दाण्यांऐवजी भिजवलेली कडधान्ये घाला. नवऱ्याला परक्या चवीचे सॅलड देण्यापेक्षा हे कितीतरी सोपे जाईल.

भाज्यांच्या बाबतीत माझा आग्रह पालेभाज्यांवर आहे. क्रीटच्या बायका रानातला पाला खुडून आणत आणि शिजवून तेल-लिंबू घालून खात. आपल्या बायका बांधावरची पाथरी, घोळ, तांदुळजा, हरभऱ्याचा आणि करडईचा कोवळा पाला आणत. लक्ष्मी मंडईत हंगामात यातले बरेच काही मिळते, आणि ते ब्रोकोलीच्या एका गड्ड्याच्या पैशांत आठवडाभर पुरते. तीन माणसांसाठी रोज निदान एक किलो भाजी शिजली किंवा चिरली गेली पाहिजे, हे ऐकून तुम्हाला आश्चर्य वाटेल. दोन्ही जेवणांत एक पालेभाजी किंवा फळभाजी मोठ्या वाटीने, शिवाय काकडी, मुळा, गाजर, कांद्याची पात यांची कोशिंबीर असा हिशेब ठेवा. बटाटा भाजीत धरू नका. फळ म्हणून पेरू, बोरे, डाळिंब, संत्रे यांतले एखादे अख्खे खावे. डाळिंबाचा रस काढला की तंतू गाळणीत राहतात आणि साखर तेवढी पेल्यात उतरते.

तेलाबद्दल थोडे अधिक बोलायला हवे. ऑलिव्ह तेलात सुमारे तीन चतुर्थांश भाग एकअसंपृक्त (मोनोअनसॅच्युरेटेड) स्निग्धाम्ल असते, शेंगदाणा तेलात ते साधारण निम्मे असते आणि उरलेल्यात बहुअसंपृक्त (पॉलिअनसॅच्युरेटेड) भाग अधिक असतो. म्हणजे दोन्ही तेले सारखी नाहीत, पण शेंगदाणा तेल हे तूप, लोणी किंवा वनस्पती तुपाच्या तुलनेत हृदयाच्या बाजूचेच आहे. आपल्याकडची करडई बहुतांशी लिनोलिक या बहुअसंपृक्त आम्लाची, म्हणून सगळा स्वयंपाक एकट्या करडई तेलावर न करता शेंगदाणा आणि करडई आलटून पालटून वापरा. क्रीटमध्ये सुमारे ४० टक्के ऊर्जा स्निग्धांशातून, मुख्यतः ऑलिव्ह तेलातून, येत असूनही माणसे निरोगी होती, मग आपण तेल का मोजायचे, असा प्रश्न येऊ शकतो. ते तेल तिथे भाजी आणि कडधान्य पोटभर खाण्याचे साधन होते आणि दिवसभर मेहनत होती; आपण तेच तेल मैदा, बेसन आणि भातावर ओततो आणि मग गल्ल्यावर बसतो. तुमच्या घरी महिन्याला दोन ते अडीच लिटर तेल पुरायला हवे. महिन्याच्या सुरुवातीला तेवढेच वेगळ्या डब्यात काढून ठेवा. मुलीने पाठवलेले ऑलिव्ह तेल टाकून देऊ नका. ते फोडणीत तापवण्यापेक्षा कोशिंबिरीवर किंवा शिजलेल्या उसळीवर वरून चमचाभर घाला, अंधाऱ्या कपाटात ठेवा, आणि संपल्यावर पुन्हा मागवू नका.

शेंगदाण्याच्या चटणीला मी सोलापूरचा सुका मेवा मानते, आणि जवसाची चटणी ही तिच्याइतकीच मोलाची आहे. शाकाहारी माणसाला माशांतून मिळणारे ओमेगा-३ मिळत नाही. जवसात त्याच घराण्यातील अल्फा-लिनोलेनिक आम्ल भरपूर असते. ल्योंच्या प्रयोगातील मार्गारीनही याच आम्लासाठी निवडलेले होते. रोज दोन चमचे जवस आणि एक मूठ शेंगदाणे, मग ते चटणीत असोत, कुटात असोत किंवा भाजून असोत, एवढे ठेवा. फक्त चटणीत मीठ निम्मे करा. यजमानांचा रक्तदाब पाहता माणशी दिवसाला पाच ग्रॅम, म्हणजे साधारण एक लहान चमचा मीठ, ही सीमा आहे, आणि तिच्यात चटणी, लोणचे, पापड, फरसाण, बेकरीचे खारे असे सगळे आले. पानात चटणी असेल त्या दिवशी लोणचे आणि पापड नको, एवढा एक नियम घरात रुळला तरी मोठे काम होईल. मात्र दुकानात मिळणारे ‘लो सोडियम’ मीठ डॉक्टरांना विचारल्याशिवाय आणू नका; त्यात पोटॅशियम असते आणि रक्तदाबाच्या काही गोळ्यांबरोबर, किंवा मूत्रपिंड अशक्त असल्यास, रक्तातले पोटॅशियम धोकादायक पातळीला जाऊ शकते.

संध्याकाळच्या भज्यांसाठी यजमानांना बोल लावू नका. दुपारी एकला जेवलेला माणूस रात्री साडेनऊला घरी येणार असेल तर मधे त्याला काहीतरी लागणारच. सहाच्या सुमारास दुकानात डबा पोचवा: फुटाणे, उकडलेल्या शेंगा, मटकीची कोरडी उसळ किंवा ताक आणि एक पेरू. गाड्यावरचे तेल पुन्हा पुन्हा तापवलेले असते, हे कारण त्यांना पटेल. पोट भरलेले असेल तर अधिक पटेल. रात्रीचे जेवण हलके ठेवा आणि त्यानंतर पंधरा-वीस मिनिटे दोघे मिळून चाला. सकाळी सिद्धेश्वर तलावाच्या काठाने अर्धा तास चालणे आठवड्यातून पाच दिवस झाले तर डॉक्टर सांगतात ती १५० मिनिटे पूर्ण होतात. उन्हाळ्यात सूर्य वर येण्याआधी निघा. ताटातला कोणताही बदल या चालण्याची जागा घेऊ शकणार नाही, कारण क्रीटचा जो मेंढपाळ किंवा शेतकरी आपण डोळ्यांपुढे ठेवतो तो दिवसभर डोंगर चढत-उतरत असे.

पंढरपूर आपल्याच जिल्ह्यात असल्यामुळे घरात एकादशी पाळली जात असेल, म्हणून उपवासाचेही सांगते. ग्रीसमधील ऑर्थोडॉक्स ख्रिस्ती वर्षातले सुमारे १८० दिवस मांस आणि दूधदुभते वर्ज्य करीत, आणि त्या दिवशी कडधान्ये नि भाज्या खात. आपला उपवास साबुदाणा, बटाटा आणि तुपावर येऊन ठेपला आहे. साबुदाण्याऐवजी भगर आणि दाण्याची आमटी, राजगिऱ्याची भाकरी, ताक आणि फळे घ्या.

ओट्स संपवायला हरकत नाही. त्यांतील बीटा-ग्लुकान या विद्राव्य तंतूमुळे एलडीएल थोडे उतरते, आणि हा गुण ज्वारीत नाही, हे प्रामाणिकपणे मान्य करायला हवे. तोच गुण जवात आहे. भाकरीच्या पिठात थोडे जवाचे पीठ मिसळता येते. पास्ता मैद्याचा नसला तरी आठवड्यातून एकदा, भाज्या आणि डाळीबरोबर, एवढ्यावर ठेवा. भूमध्यसागरी आहारात जेवणासोबत वाइन असते असे कोणी सुचवले तर ते ऐकू नका. जो पीत नाही त्याने आरोग्यासाठी ती सुरू करावी असा सल्ला कोणतीही जबाबदार वैद्यकीय संस्था देत नाही.

सासूबाईंना या पथ्यात ओढू नका, ही माझी कळकळीची विनंती आहे. ८१ व्या वर्षी वजन आणि स्नायू घटणे हाच मोठा धोका असतो. त्यांना मऊ भाकरी दुधात किंवा आमटीत कुस्करून, तुपाचा चमचा, घट्ट वरण आणि दही मिळू द्या. उलट त्यांचा उपयोग सल्लागार म्हणून करा. १९७२ च्या दुष्काळाआधी त्यांच्या घरी कोणत्या महिन्यात कोणता पाला शिजे, हुलग्याचे काय काय होई, आंबील कशी आंबवत, हे त्यांना विचारा आणि फोनवर मुलीला ऐकवा. मुलगी आईवडिलांच्या काळजीने एवढे करते आहे; तिचे म्हणणे मोडीत काढल्यासारखे तिला वाटता कामा नये. तिच्या यादीतील प्रत्येक परदेशी जिन्नसापुढे इथला कोणता जिन्नस ठेवायचा हे तिलाच ठरवू द्या.

शेवटी वैद्यकीय बाजू. एचबीए१सी ५.७ ते ६.४ ही मधुमेहपूर्व अवस्था आहे, आणि याच टप्प्यावर आहार, वजन व चालणे यांचा सर्वाधिक उपयोग होतो. एलडीएल १४८ आणि सोबत रक्तदाब असताना कोलेस्टेरॉलची गोळी लागेल की नाही हा निर्णय तुमच्या डॉक्टरांचा आहे. त्यांनी ती दिली तर ‘आधी आहार करून बघू’ म्हणून टाळू नका. मीठ आणि वजन कमी झाल्यावर रक्तदाब उतरू शकतो, तेव्हा उभे राहताना चक्कर येत असेल तर लगेच कळवा, पण गोळी स्वतःहून बंद करू नका. कडधान्ये वाढवण्यापूर्वी क्रिएटिनिन (मूत्रपिंडाचे काम दाखवणारी रक्ततपासणी) एकदा तपासून घ्या, आणि तुम्ही शाकाहारी असल्याने सर्वांचेच बी-१२ पाहा. यजमानांच्या कमरेचे माप आजच टेपने घेऊन लिहून ठेवा. आपल्याकडच्या पुरुषांत ते ९० सेंटीमीटरच्या आत असावे. लाल रक्तपेशींचे आयुष्य सुमारे १२० दिवसांचे असते, म्हणून एचबीए१सी तीन महिन्यांच्या आधी पुन्हा तपासण्यात अर्थ नाही. तीन महिन्यांनी लिपिडच्या तपासणीसह ती करा, आणि तिन्ही आकडे, कमरेचे माप आणि महिन्याला किती तेल लागले एवढे मला कळवा. भाकरी आणि डाळीचे प्रमाण पुढे कसे ठेवायचे ते त्यावरून सांगता येईल.